पहिला मे नावाचे स्टेशन

मागच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता इटलीतील मिलान शहरी भाच्याकडे राहून आलो. मिलान म्हटले की जगप्रसिद्ध चर्च आणि झगमगीत कपड्यांची दुकाने. ती पाहून झाल्यावर एके सकाळी भाचा म्हणाला, "मामा, आता तुमच्या आवडीचे गाव दाखवतो." मेट्रोच्या लाल मार्गाने निघालो आणि एका स्टेशनवर उतरलो. पाटीवरच्या नावाचा अर्थ विचारला तर म्हणाला, "सेस्तो पहिला मे." कामगार दिनाचे नाव स्टेशनला! गाव कोणाचे, हे आम्हांला तिथेच कळले.

गावाचे पूर्ण नाव सेस्तो सान जोव्हान्नी. मिलानला अगदी खेटून आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, रेल्वेची सोय पाहून, शेताच्या जागी कारखाने आले. ब्रेदाच्या कारखान्यात रेल्वेची इंजिने होत, मारेल्लीच्या कारखान्यात विजेची यंत्रे, आणि १९०६ साली स्थापन झालेल्या फाल्क कंपनीच्या भट्ट्यांत पोलाद वितळे. हजारो कामगार पाळ्यांनी राबत. लाल बावट्याचा जोर एवढा की लोक या गावाला इटलीचे स्टॅलिनग्राड म्हणत.

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण इटलीतले गरीब शेतमजूर पोटासाठी इकडे आले. हातांना काम मिळाले, पण डोक्यावर छप्पर कुठले? दिवसभर कामावर जायचे आणि रात्री, रविवारी स्वतःच्या हाताने विटा रचायच्या. मिलानच्या आसपास अशा वस्त्या उठल्या. तेव्हा कोरियाचे युद्ध चालू होते, म्हणून लोकांनी त्यांना 'कोरेआ' हे नाव ठेवले. उत्तरेकडचे लोक या दक्षिणेकडच्यांना हिणवून बोलत. ऐकता ऐकता आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे इथेही तेच!"

आज भट्ट्या थंड आहेत. १९९० च्या दशकाच्या मध्यावर फाल्कचे पोलाद बंद झाले. दहा लाख चौरस मीटरहून मोठी ती जागा वर्षानुवर्षे ओसाड राहिली. तिथे कॅन्सरचे आणि मेंदूविकारांचे मोठे रुग्णालय आणायचे ठरले, त्यालाही बरीच वर्षे लोटली. एका उंच लोखंडी सांगाड्याकडे बोट दाखवून भाचा म्हणाला, "हा पॅगोडा." आम्ही चमकलोच. पण ती भट्टीची शेड होती. छपराच्या टप्प्याटप्प्यांच्या आकारावरून तिला ते नाव पडले आहे, आणि ती पाडायची नाही असे ठरले आहे. ब्रेदाच्या जागेतली जुनी अजस्र क्रेनही अशीच राखली आहे. तिच्याखाली उन्हाळ्यात गाण्याचे कार्यक्रम होतात.

खरे पाहायचे होते ते पुढेच. जवळच्या मोठ्या उद्यानात एक टेकडी आहे. ती ब्रेदाच्या भट्टीतून निघालेल्या मळीची, टाकाऊ राखखड्याची बनलेली. तिच्यावर एक स्मारक उभे आहे.

हकीकत अशी. मार्च १९४३ मध्ये मुसोलिनीचे राज्य असताना या कारखान्यांतल्या कामगारांनी यंत्रे थांबवली. मार्च १९४४ मध्ये देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना पुन्हा संप केला. भाकर हवी होती आणि युद्ध नको होते. सूड लगेच उगवला. रात्री दारे ठोठावून माणसे उचलली गेली आणि रेल्वेच्या डब्यांत कोंबून ऑस्ट्रियातील माउटहाउझेनसारख्या छळछावण्यांत पाठवली गेली. या परिसरातल्या कारखान्यांतून नेलेल्यांची संख्या पाचशेच्या वर होती. पुष्कळ जण परतले नाहीत. स्मारक ज्यांनी रचले ते वास्तुविशारद बेल्जोयोझो स्वतः त्या छावणीतून जिवंत परतलेले. त्यांनी १९९८ च्या या कामात छावणीच्या खाणीतले दगड वापरले. पायऱ्यांपाशी फलक आहेत आणि फलकांवर नावे. सेनापतींची नव्हेत. फिटरची, टर्नरची, भट्टीवाल्याची.

आम्हांला ती लिपी वाचता येत होती, माणसे अनोळखी होती. तरी आम्ही खालपर्यंत सगळी नावे वाचली. उन्हाने डोळे दुखू लागले तेव्हा भाच्याने पाण्याची बाटली पुढे केली. आमच्या डोळ्यांपुढे मात्र आमचे वडील होते. सव्वीस वर्षे त्रासन खात्यात, १९८२ च्या संपात घरी बसले ते पुन्हा गिरणीचे फाटक चढलेच नाहीत. गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे. त्यावर कामगाराचे नाव कुठून असणार?

परत आल्यावर ट्रंकेतून त्यांचा पितळी बिल्ला काढला. नंबर होता, नाव नव्हते. नातवंडांना बोलावले आणि एका वहीत लिहून घेतले: नाव, गाव, खाते, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, किती पगार, संपात घर कसे चालले. आईने सांगितले, मोठ्या नातीने लिहिले. आईला एवढे आठवते हे आम्हांलाही ठाऊक नव्हते.

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा बिल्ला, पास किंवा फंडाची पावती असेल. सांगणारी माणसे अजून घरात आहेत. दगडी स्मारक आपल्या हाती नाही, दोनशे पानी वही आहे. येत्या रविवारी ती उघडावी.