गेममधल्या सैनिकालाही विश्रांती मिळते, आपल्या मुलांना का नाही?



दवाखान्यात मुलाला घेऊन येणारे आईवडील अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टरसाहेब, लेकरू रात्र-रात्र मोबाईलवर बंदुका चालवत बसतंय, राक्षस मारत बसतंय. डोक्यावर परिणाम होईल का हो?"

काळजी खरी आहे, पण ती चुकीच्या जागी आहे असे माझे मत आहे. पालकांना पडद्यावरच्या राक्षसाची आणि रक्ताची भीती वाटते. मला त्यापेक्षा जास्त भीती वाटते ती मध्येच थांबता न येणाऱ्या खेळाची. हा फरक समजला तर घरातली निम्मी भांडणे कमी होतील आणि एखादा जीवही वाचेल. म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहितो.

आधी एका गेमची गोष्ट

'एलियन्स: डार्क डिसेंट' नावाचा एक गेम जून 2023 मध्ये आला. टिंडालोस इंटरॅक्टिव्ह या फ्रान्समधल्या कंपनीने तो बनवला. 1979 च्या 'एलियन' या इंग्रजी चित्रपटापासून सुरू झालेल्या मालिकेवर तो आधारलेला आहे. लेथी नावाच्या एका काल्पनिक चंद्रावर सैनिकांची एक छोटी तुकडी अडकली आहे, अंधारात परग्रहावरचे भयानक प्राणी दबा धरून बसले आहेत आणि तुम्ही त्या तुकडीला जिवंत बाहेर काढायचे आहे. आपल्या भागात तो खेळणारे थोडेच असतील, कारण त्याला चांगला कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशनसारखे यंत्र लागते.

डॉक्टर म्हणून मला या गेममधली एक गोष्ट फार आवडली. त्यात प्रत्येक सैनिकाचा मानसिक ताण मोजला जातो. लढाई लांबली, भीती वाढली की ताण चढत जातो. ताण चढला की सैनिकाचा नेम चुकू लागतो, तो गडबडतो. मग काय करायचे? खोलीचे दरवाजे वेल्डिंग करून बंद करायचे आणि तुकडीला आत विश्रांती द्यायची. ताण उतरला की पुढे निघायचे. मोहीम संपवून परत आल्यावरही सैनिक दमलेले असतात. काहींच्या मनावर आघात झालेला असतो, त्यांच्यावर उपचार करावे लागतात. दमलेल्यालाच पुन्हा पुढे ढकलले तर तुकडीचे नुकसान होते.

म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी मान्य केले की माणूस, मग तो कितीही शूर असो, सतत ताणाखाली राहू शकत नाही. थांबणे हा त्यांनी लढाईचाच एक भाग केला.

शरीरात नेमके काय होते?

भीतीदायक गेम खेळताना मेंदूला माहीत असते की हे खोटे आहे, पण शरीर तेवढे हुशार नसते. अचानक पडद्यावर काही झडप घालते तेव्हा मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटा भाग धोक्याची घंटा वाजवतो. ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात येते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, तळहाताला घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. वाघ समोर आल्यावर शरीर जी तयारी करते, तीच ही तयारी.

थोड्या वेळासाठी ही अवस्था धोकादायक नाही. जत्रेत उंच पाळण्यात बसल्यावर येते तशीच ती मजाही देते. मात्र गेम बंद केला म्हणून शरीर लगेच शांत होत नाही. रात्री एक वाजता थरारक सामना संपवून अंथरुणावर पडलेल्या मुलाला झोप का लागत नाही, याचे उत्तर इथे आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी सातला शिकवणी असेल तर त्या झोपेचा हिशोब तुम्हीच करा. त्यानंतर दिसणारी चिडचिड, डोकेदुखी, अभ्यासात लक्ष न लागणे, यांतले बरेचसे झोप मोडल्याचे परिणाम असतात. "गेममुळे डोके बिघडले" असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा डोके दमलेले असते.

मोबाईलवरचा स्क्वॉड वेगळा का?

आता आपल्या गावागावांत खेळल्या जाणाऱ्या गेमकडे येऊ. पबजी, त्यानंतर आलेला बीजीएमआय, फ्री फायर. यांतही तुकडी आहे, जिवंत राहण्याची धडपड आहे. पबजीच्या एका सामन्यात सुमारे शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जाते आणि शेवटी एक तुकडी उरते. मोठ्या नकाशावरचा पूर्ण सामना साधारण अर्धा तास चालतो.

पण 'डार्क डिसेंट'पेक्षा एक मोठा फरक आहे. तिथले सैनिक खोटे आहेत. तुम्ही गेम थांबवला तर कोणाचे काही बिघडत नाही. मोबाईलवरच्या स्क्वॉडमधले चौघे मात्र खरे असतात. एक वसमतला, एक कळमनुरीला, एक पुण्याच्या होस्टेलवर. गेम सर्व्हरवर चालू असतो, त्याला 'पॉज' नाही. मित्र जखमी होऊन पडला तर त्याला ठरावीक वेळात उठवावे लागते. अशा क्षणी आई म्हणते, "ठेव तो मोबाईल, जेवायला चल," तेव्हा मुलाला काय ऐकू येते? "मित्राला सोडून ये."

मुलगा उर्मट उत्तर देतो त्यामागे हे कारण असते. त्याचे समर्थन मी करत नाही. पण ही पकड व्यसनाइतकीच मैत्रीचीही आहे, हे ओळखल्याशिवाय ती सैल करता येणार नाही.

हिंगोलीने काय पाहिले

16 मार्च 2019. आपल्याच हिंगोली शहरात खटकाळी बायपासजवळ रेल्वेच्या धडकेने दोन तरुणांचा मृत्यू झाला. दोघेही विशीतले. रुळांजवळ पबजी खेळण्यात ते गुंग होते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. ही बातमी देशभर गेली. लोकांनी हळहळ व्यक्त केली, काहींनी समाजमाध्यमांवर टिंगलही केली. "एवढी मोठी रेल्वे दिसली नाही का? हॉर्न ऐकू आला नाही का?"

टिंगल करणाऱ्यांना मेंदू कसा चालतो हे ठाऊक नव्हते. आपले लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. 1999 मध्ये सायमन्स आणि शाब्री या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एका चित्रफितीतले चेंडूचे पास मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती समोरून चालत गेली, छाती बडवून गेली. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. डोळे उघडे होते, दृष्टी चांगली होती, पण लक्ष दुसरीकडे गुंतले होते.

कानाचेही तसेच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले की डोळ्यांना अवघड काम दिले की आवाजाला मेंदूचा मिळणारा प्रतिसादच कमी होतो. म्हणजे "ऐकलं पण दुर्लक्ष केलं" असे नसते, तर आवाज नीट पोहोचतच नाही. जेवायला दहा हाका मारूनही मुलगा ओ देत नाही, तेव्हा प्रत्येक वेळी तो सोंग घेत असतो असे समजू नका.

त्यात इअरफोनची भर. या गेममध्ये शत्रूच्या पावलांचा आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, यावर जगणे-मरणे ठरते. म्हणून खेळणारे दोन्ही कानांत इअरफोन घालतात. खेळासाठी जे कौशल्य, तेच रस्त्यावर बहिरेपण.

आता साधे गणित करा. ताशी शंभर किलोमीटरने येणारी रेल्वे एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर कापते. तुम्ही दहा सेकंद मान खाली घातली की ती पावणेतीनशे मीटर जवळ आलेली असते. आणि भरधाव रेल्वे जागच्या जागी थांबवता येत नाही. त्या दोन तरुणांच्या बाबतीत त्या क्षणी नेमके काय घडले ते आपण सांगू शकत नाही. पण असे कोणाच्याही मुलाच्या बाबतीत घडू शकते, एवढे मेंदूचे शास्त्र नक्की सांगते. त्यांना मूर्ख म्हणून आपण फक्त स्वतःची समजूत घालतो की आपल्या घरी असे होणार नाही.

बंदीने प्रश्न सुटतो का?

त्याच मार्च 2019 मध्ये गुजरातेत राजकोटला पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या काही तरुणांना अटकही केली. पुढे 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी आणली, त्यात पबजी मोबाईल होता. पण कारण मुलांचे आरोग्य नव्हते. देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती हे होते. जुलै 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने आला, जुलै 2022 मध्ये पुन्हा गेला, मे 2023 मध्ये पुन्हा परतला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली.

या सगळ्यातून मी एवढेच घेतो की गेम येतील, जातील, नावे बदलतील. बंदीच्या भरवशावर घर चालत नाही. मुलाला कुठे, केव्हा आणि कसे थांबायचे हे शिकवणे आपल्यावरच आहे.

हा आजार केव्हा म्हणायचा?

प्रत्येक खेळणारा मुलगा रुग्ण नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ती यादी जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत.

1. खेळण्यावर ताबा राहत नाही. किती वेळ, केव्हा, कुठे, काहीच हातात राहत नाही.
2. अभ्यास, काम, जेवण, नाती या सगळ्यांच्या आधी गेम येतो.
3. नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते किंवा वाढते.

हे साधारण वर्षभर चालू असेल आणि त्यामुळे आयुष्याची घडी विस्कटली असेल, तर तो आजार. लक्षणे तीव्र असतील तर वर्षभर थांबायची गरज नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे जमत नसेल तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतही मोफत सल्ला मिळतो.

मग घरी काय करायचे?

- मिनिटे नको, सामने मोजा. "अर्धा तास खेळ" असे सांगितले तर तिसाव्या मिनिटाला तो सामन्याच्या मध्यावर असतो आणि भांडण ठरलेले. "दोन सामने, मग मोबाईल माझ्याकडे" असे आधीच ठरवा. सामना संपला की थांबणे सोपे जाते, मित्रांनाही तोंड दाखवता येते.
- जागा ठरवा. बसून आणि घरात. रूळ, रस्ता, विहिरीचा काठ, गच्चीचा कठडा, चालती दुचाकी, या ठिकाणी गेम नाही म्हणजे नाही. घरात रेंज येत नाही म्हणून मुले बाहेर जात असतील तर ती कुठे बसतात ते एकदा जाऊन पाहा.
- बाहेर असताना कान मोकळे. बाहेर चालताना इअरफोन खिशात. हा नियम मोठ्यांनीही पाळायचा.
- झोपेआधी एक तास खेळ बंद. शरीराला शांत व्हायला वेळ द्या. मोबाईल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत.
- हाक मारू नका, जवळ जा. खांद्यावर हात ठेवा. लांबून ओरडलेले त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचत नाही, हे आपण वर पाहिले.
- स्क्वॉडमधले चौघे कोण ते विचारा. नावे विचारा, जमले तर त्यांच्या पालकांशी बोला. चौघांच्या घरी एकच वेळ ठरली तर कोणालाही मित्राला सोडून उठावे लागत नाही.

आणि तरुण वाचकांसाठी दोन शब्द. तुम्ही खेळता याचा मला राग नाही. आपल्या स्क्वॉडला एक नियम घालून द्या: कोणी म्हणाला "मी रस्त्यावर आहे" किंवा "मला झोप येतेय", तर त्याला हसायचे नाही, सामन्यात ओढायचे नाही. 'डार्क डिसेंट'मधल्या चांगल्या कप्तानाला दार बंद करून तुकडीला विश्रांती केव्हा द्यायची हे कळते. तुमच्या तुकडीत तो कप्तान कोणीतरी व्हायला हवे.

आज संध्याकाळी घरी ही चर्चा जरूर करा. रागावून नको, सामना संपल्यावर, जेवताना करा.