हद्दीबाहेरचे दोन बाइट

१९ जुलै २०२४. जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हॅकर? व्हायरस? छे! क्राउडस्ट्राइकच्या अपडेटला २१ रकाने हवे होते, प्रोग्रॅमने पुरवले २०. एकविसावा वाचायला गेला आणि मेमरीच्या हद्दीबाहेर पडला.

‘आमचा काय संबंध?’ म्हणाल. प्रोजेक्टसाठी मायक्रोकंट्रोलरचा एम्युलेटर लिहीत असाल, तर थेट संबंध आहे. एम्युलेटर म्हणजे खऱ्या चिपची नक्कल करणारा प्रोग्रॅम. त्यात चिपची मेमरी म्हणजे साधा अ‍ॅरे. स्वस्तातल्या ‘ब्लू पिल’ बोर्डावर रॅम २० किलोबाइट. सुरुवातीपासून मोजले तर ० ते २०४७९ क्रमांकाचे बाइट. ३२ बिटचा वर्ड वाचायचा म्हणजे सलग चार बाइट. तुम्ही तपासलंत, ‘पत्ता २०४८० पेक्षा लहान आहे ना?’ २०४७८ साठी उत्तर ‘हो’ येतं, पण चारपैकी दोन बाइट बाहेरचे असतात!

मग ‘पत्ता अधिक ४’ तपासायचं? तिथेही मेख आहे. ३२ बिटच्या अनसाइन्ड आकड्यात ४२९४९६७२९४ मध्ये ४ मिळवले की उत्तर येतं २! म्हणून आधी वजाबाकी करा. पत्ता २०४७६ किंवा त्याहून कमी असेल तरच वाचा. नसेल तर खऱ्या चिपसारखा फॉल्ट द्या, गुपचूप शून्य परत करू नका.

सी भाषा इथे अडवत नाही, शेजारचं जे असेल ते उचलून देते. पायथनमध्ये स्लाइस घेतलीत तर चारऐवजी दोनच बाइट हातात येतात, तक्रार नाही. रस्ट मात्र तिथेच थांबवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हाइट हाउसनेही अशा मेमरी-सेफ भाषांचा आग्रह धरला.

हा फक्त मार्कांचा प्रश्न नाही. २०१५ मध्ये क्यूएमू एम्युलेटरच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये ‘व्हेनम’ ही त्रुटी सापडली. तिथे चूक वाचण्याची नाही, हद्दीबाहेर लिहिण्याची होती. व्हर्च्युअल मशीनमधून निसटून मूळ सर्व्हरवर शिरायची वाट त्यातून उघडत होती. फ्लॉपी कधीच इतिहासजमा झाली होती, तिचा कोड मात्र तसाच होता.

भाषा बदलून सगळं सुटत नाही. प्रोग्रॅम थांबला तर पुढे काय, हे तुम्हालाच ठरवायचंय. सबमिशनआधी २०४७६, २०४७७ आणि ४२९४९६७२९४ हे तीन पत्ते एकदा देऊन बघाच. पहिला वाचला गेला पाहिजे, उरलेले दोन नाही.