तुरुंगाधिकाऱ्याची नोकरी

मुलाच्या नोकरीविषयीं आमच्या घरांतून बोलणें निघालें कीं बँक, रेल्वे, शाळा, परदेश हीं नांवें क्रमानें येतात. तुरुंगखात्याचें नांव कोणी काढीत नाहीं. कोणीं काढलेंच, तर वडील मंडळी कपाळाला आठ्या घालतात. चोर-दरोडेखोरांच्या सहवासांत आयुष्य काढावयाचें ही कल्पनाच त्यांस सहन होत नाहीं. आम्हांस मात्र हा व्यवसाय शिक्षकाच्या अगदीं शेजारचा वाटतो.

बिडकीनास राहणाऱ्याला उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. आमच्या गांवावरून जाणारी सडक धरून छत्रपति संभाजीनगराकडे गेलें, कीं शहरापलीकडे हर्सूलचें मध्यवर्ती कारागृह. उलट दिशेस गेलें, कीं पैठणचें खुलें कारागृह. हर्सूलास उंच भिंत, पैठणास शेती. ज्यांचें वर्तन चांगलें ठरलें, अशाच शिक्षाबंद्यांस खुल्या कारागृहांत पाठवितात. भिंतीचें काम तेथें विश्वासाकडून करून घ्यावयाचें असतें. आतां असा विश्वास टाकण्याजोगा माणूस शेंकडों बंद्यांतून निवडावयाचा, तर त्यास कोणीं तरी रोज डोळसपणें पाहिलेलें असलें पाहिजे. वर्गांतील मागच्या बाकावरचा मुलगा ओळखणें आणि हें, यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं.

हा प्रयोग आपल्याकडे जुनाच आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या राज्यांत आटपाडीजवळ १९३९ सालीं ‘स्वतंत्रपूर’ वसलें. मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या एंजिनियराची प्रेरणा त्यामागें होती. बंद्यांनीं उघड्या माळावर शेती करून राहावें, अशी ती योजना. शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यावरूनच सुचलेला, कथा माडगूळकरांची. चित्रपट पाहून डोळे पुसणारे लोक मुलाला त्या खात्यांत घालावयाचें म्हटलें कीं मागें सरतात, हें मात्र गमतीचें खरें.

अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत कौटिल्यानें बंधनागाराच्या अध्यक्षास दंड सांगितले आहेत. कारण न सांगतां कोणास अडकविल्यास २४ पण, यातना दिल्यास ४८, अन्नपाणी तोडल्यास ९६ आणि मारून टाकल्यास १०००. शिक्षा येथें बंद्यास नसून अधिकाऱ्यास आहे. सत्ता जेथें बंद दाराआड चालते, तेथें ती कशी नासते, हें त्या ग्रंथकारास पुरतें ठाऊक होतें.

आमच्या वाचकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कांहीं राज्यांच्या तुरुंग-नियमांत स्वयंपाक वरच्या जातींच्या बंद्यांकडे आणि झाडलोट व संडाससफाई ठराविक जातींकडे, अशी वांटणी स्वातंत्र्यानंतरहि छापील उरली होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं ती रद्द ठरविली. नियम कागदावरून गेला. भटारखान्यांतून तो जातो कीं नाहीं, हें तेथें उभ्या असलेल्या अधिकाऱ्यावर अवलंबून आहे. त्या जागीं आपला मुलगा असेल, तर त्यानें कोणता स्वभाव घेऊन जावें, याचा विचार घरींच व्हावयास हवा.

अडचणी लपविण्यांत अर्थ नाहीं. २०२२ अखेर देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यांतील ४,३४,३०२ जणांचा खटला निकालांत निघावयाचा होता, म्हणजे चारांतील तिघे अद्याप दोषी ठरलेलेच नव्हते. आमचा एक जुना विद्यार्थी या खात्यांत आहे. रात्रपाळी, सणावारीं रजा नसणें, बदल्या, हें सारें तो निभावून नेतो. त्यास जड जातें तें मुलाखतीच्या दिवशीं, ज्याला भेटावयास वर्षानुवर्षें कोणी येत नाहीं त्याच्या बराकीवरून जाणें. याच विद्यार्थ्यास तीन स्थळांनीं केवळ नोकरीचें नांव ऐकून नकार दिला. त्यांतील एकानें तर, “मुलगा चांगला आहे, पण पत्ता तुरुंगाचा,” असें आम्हांसच सांगितलें!

कारागृह शिपायाच्या जागेस बारावी लागते, तुरुंगाधिकाऱ्याच्या जागेस पदवी. दोन्हींस शरीर दणकट हवें. दुसऱ्या श्रेणीचा तुरुंगाधिकारी चढत चढत अधीक्षक होऊं शकतो. सर्वांत वरचें पद बहुधा भारतीय पोलिस सेवेंतील अधिकाऱ्याकडे असतें. शिक्षणाची सोय येरवड्यास आहे. स्त्री-बंद्यांसाठीं स्त्री-अधिकारी लागतातच, तेव्हां मुलींनींहि ही वाट पाहून ठेवावी. गणवेश नकोसा वाटणाऱ्यांनीं समाजकार्याची पदवी घ्यावी. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून बंद्यांमध्यें काम करीत आहे. आणि तयारी करणाऱ्यानें हिंदीबरोबर थोडी उर्दूहि वाचावयास शिकावी. मराठवाड्यांत तिचा उपयोग होतो, आणि लिहितां न येणाऱ्याचें घरचें पत्र वाचून दाखविण्याची वेळ तेथें वारंवार येते.