शिफारस नको, मतभेद द्या

आठवडा सरत आला की ‘अवश्य वाचावे असे काही’ या मथळ्याखाली पुस्तकांच्या याद्या फिरू लागतात. त्या पाहिल्या की आम्हांला लग्नातला आहेर आठवतो. देणाऱ्याने पुडके उघडून पाहिलेले नसते, घेणारा ते उघडेलच याची खात्री नसते. तरीही व्यवहार पुरा झाल्याचे समाधान दोघांनाही लाभते. ‘अंतर्मुख करणारे’, ‘विचारप्रवर्तक’, ‘समृद्ध करणारे’ ही विशेषणे कोणत्याही पुस्तकाला चालतात, म्हणूनच ती कोणत्याही पुस्तकाविषयी काही सांगत नाहीत. विचार प्रवर्तित झाला असेल तर तो कोणता, आणि कोणाच्या विरुद्ध, हे सांगण्याची जबाबदारी शिफारस करणाऱ्यावर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’चेच उदाहरण घ्या. १९६७ साली प्रसिद्ध झालेले आणि १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेले हे पुस्तक अशा याद्यांत हमखास असते. ‘महाभारताकडे बुद्धिवादी दृष्टीने पाहणारे’ एवढे म्हटले की शिफारस आटोपते. हेच वाक्य गाइडांतून उत्तरपत्रिकांत उतरते आणि त्याला गुणही मिळतात. पण याच पुस्तकात इरावतीबाई द्रौपदीला दोष देतात, हे कोणी सांगत नाही. स्वतःला हरलेल्या धर्मराजाला बायको पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा प्रश्न तिने भर सभेत विचारला, पांडित्य दाखवले, ही तिची मोठी चूक, असे बाईंचे म्हणणे आहे. त्यांची बाजू कच्ची नाही. उत्तर कसेही आले असते तरी द्रौपदीचे हित झाले नसते, हे त्या दाखवून देतात.

आम्हांला हे मान्य नाही. दयेची याचना सभेला झिडकारता आली असती. प्रश्न झिडकारता आला नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणण्यापलीकडे भीष्मालाही उत्तर सुचले नाही. आणि विद्वानांच्या सभेत आयुष्यभर प्रश्न मांडणाऱ्या एका मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने द्रौपदीला गप्प राहण्याचा सल्ला द्यावा, यातला पेच सोडवण्याजोगा आहे. ‘युगान्त’ वाचायचे ते या पेचासाठी.

या वादात तिसरी साक्ष हवी, आणि ती ताराबाई शिंदे यांची आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला १८८१ साली अर्भकहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर झोड उठली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. पुरुषाला दुसरे लग्न मोकळे आणि विधवेला का नाही, हे त्यांनी शास्त्र सांगणाऱ्यांनाच विचारले. इरावतीबाई जिला चूक म्हणतात, नेमकी तीच ताराबाईंनी केली! महात्मा फुले यांनी या पुस्तकाची बाजू घेतली. पुढे मात्र ते विस्मृतीत गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापले तेव्हाच नव्या वाचकांच्या हाती आले. मधल्या नव्वदहून अधिक वर्षांत मराठीत शिफारशींचा दुष्काळ होता काय? मुळीच नाही. ज्यांच्याशी भांडावे लागेल अशी पुस्तके पुढे सरकवण्याची इच्छा तेवढी नव्हती.

म्हणून या आठवड्यासाठी आमची यादी तिघींची आहे. आधी ‘स्त्री-पुरुष तुलना’ वाचावी. ती एका बैठकीत संपते. मग ‘युगान्त’मधील द्रौपदी, आणि शेवटी दुर्गा भागवतांच्या ‘व्यासपर्व’ (१९६२) मधील द्रौपदी. इरावतीबाई समाजरचनेच्या अंगाने जे पाहतात, ते दुर्गाबाई ललित लेखकाच्या संवेदनेने पाहतात. वाचून झाल्यावर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे: अन्याय करणाऱ्यांच्याच सभेत, त्यांच्याच शास्त्राच्या भाषेत न्याय मागावा काय? आम्ही ‘होय’ म्हणतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तिन्ही पुस्तकांतून आधार काढून आम्हांला खोडून काढावे.

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण जुन्या ग्रंथांना हार घालून भाषा अभिजात राहत नाही. त्यांच्याशी आजही वाद घालता येतो, म्हणून ती तशी राहते. यापुढे पुस्तक सुचवणाऱ्याने ते कुठे खटकले याची एक ओळ सोबत लिहावी. ती लिहिता येत नसेल तर पुस्तक अजून वाचायचे राहिले आहे, असे समजावे.