तारीख बदला, पण फरक विचारा

धाडसारख्या गावात लग्नाची तिथी पुढे गेली की बंगळुरूच्या लेकराचं चिकलठाण्यापर्यंतचं विमान तिकीट आधी आठवतं. 'फ्लेक्सी' तिकिटात माफ होतं ते बदलाचं शुल्क. नव्या तारखेचं भाडं चढलं असेल तर फरक भरावाच लागतो. पैसे घेण्याआधीच एजंटाने हे सांगायला हवं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 2016 च्या नियमाने, प्रवास किमान सात दिवस पुढे असल्यास, आरक्षणानंतर 24 तास विनाशुल्क बदलाची मुभा दिली. नोव्हेंबर 2025 च्या मसुद्यात 48 तास सुचवले गेले. तिकीट रद्द केलं, अगदी विमान चुकलं, तरी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतं. हक्काचे पैसे आहेत, मागून घ्या.