आधी ऊन मोजा, मग बी पेरा



भायखळ्याच्या राणीच्या बागेत हिवाळा सरता सरता महापालिकेचे झाडे, फुले, फळे व भाज्यांचे प्रदर्शन भरते. तेथील लालबुंद टोमॅटोंनी लगडलेली कुंडी पाहून ज्याला आपल्या घरीही अशी बाग असावी असे वाटत नाही, असा माणूस विरळाच. काही वर्षांपूर्वी मलाही ती हुक्की आली. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या दक्षिणेकडील गॅलरीत मी फेब्रुवारीत टोमॅटोची सहा रोपे लावली. मार्च सरता सरता फुले आली आणि एकामागून एक गळून गेली. मी आधी खताला दोष दिला, मग बियाण्याला. शेवटी शेजारच्या आजी म्हणाल्या, "अरे, पुस्तकात काय शोधतोस? तुझ्या कुंडीत ऊन कुठे उरलंय?"

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ऊन दुसऱ्याने दाखवावे, याची मला लाज वाटली. पण त्या दिवसापासून माझे एक मत पक्के झाले, तेच येथे मांडतो. शहरातल्या घरच्या बागेची सुरुवात बी-खतापासून करू नये. ती सूर्याच्या हिशेबापासून करावी. आणि हा हिशेब करण्याची खरी जागा म्हणजे शाळा.

हिशेब मुळीच अवघड नाही. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर. २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून मध्यान्ही त्याची क्षितिजापासूनची उंची ९० वजा १९, म्हणजे ७१ अंश भरते. २१-२२ डिसेंबरला तीच उंची सुमारे साडेसत्तेचाळीस अंश असते. आता गॅलरीच्या छताची कड जमिनीपासून ३ मीटर उंच धरा. दहावीच्या गणितातला 'टॅन' येथे उपयोगी पडतो. ३ ला त्या कोनाच्या टॅनने भागले की ऊन किती आत येते ते कळते. डिसेंबरात ते २.७५ मीटर आत, म्हणजे पार खोलीत येते. २१ मार्चला ते जेमतेम १.०३ मीटर येते. एप्रिलच्या मध्याला अर्धाच मीटर. आणि १५-१६ मेच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या दिवशी दक्षिणेच्या गॅलरीत ऊन शून्य! तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. ज्या गॅलरीत थंडीत आपण उन्हाला बसतो, तीच गॅलरी ऐन उन्हाळ्यात सावलीत जाते आणि मागची उत्तरेची खिडकी सकाळ-संध्याकाळ उजळते. म्हणजे वसंतात कुंड्यांनीही बिऱ्हाड हलवले पाहिजे. माझ्या कुंड्या भिंतीला टेकून ठेवलेल्या होत्या. त्या सर्वांत आधी अंधारात गेल्या.

दुसरे कारण उष्णतेचे. टोमॅटोला फळ धरण्यासाठी थंड रात्र लागते. आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्रीचे तापमान २४ अंशांच्या आसपास राहते आणि मेमध्ये त्याहून वर जाते. अशा रात्री फुले येतात, पण फळ धरत नाही. थंड देशांतल्या पुस्तकांत वसंत म्हणजे बर्फ वितळल्यावरची पेरणी. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाखाचा ताव! तो सोसणाऱ्या भाज्या वेगळ्या: भेंडी, गवार, काकडी, दुधी, लाल माठ. फेब्रुवारीच्या मध्याला पेरलेली भेंडी दीड-दोन महिन्यांत तोडणीला येते, तर माठ महिन्याभरातच. काकडी व दुधी यांना नर आणि मादी फुले वेगळी येतात. चौथ्या मजल्यावर मधमाशी फिरकली नाही, तर मऊ कुंचल्याने पराग तुम्हीच पोचवा. परागीभवनाचा धडा त्यानंतर घोकावा लागणार नाही.

आता वजनाकडे वळू. ३० सेंटिमीटर व्यासाच्या व तितक्याच खोल कुंडीत सुमारे २१ लिटर माती मावते. ओल्या मातीची घनता पाण्याच्या पावणेदोनपट धरली, तर एक कुंडी ३५ किलोंच्या पुढे जाते. दहा कुंड्या म्हणजे साडेतीनशे किलो. जणू पाच-सहा माणसे गॅलरीत अहोरात्र उभी, आणि कधीच घरी न जाणारी! आपल्या जुन्या चाळींच्या लाकडी गॅलऱ्यांवर हा भार घालणे धोक्याचे आहे. तेथे उथळ ट्रेच बरा. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. ती मेथी रेताड जमिनीत उगवते आणि कोवळी असतानाच काढतात. तिला खोल माती लागत नाही.

मातीला पर्यायही आहे. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर उसाची चिपाडे आणि घरचा ओला कचरा वापरून भाज्या पिकवल्या. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांनी 'प्रयोग परिवारा'तून हेच शिकवले, की पाने सूर्याची ऊर्जा किती पकडतात ते आधी पाहा. त्यांच्या विचारावरून प्रीती पाटील यांनी मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून भाज्या आणि फळझाडे वाढवली. गोदीजवळ हे घडू शकते, तर परळच्या शाळेच्या गच्चीवर का घडू नये?

येथे एक प्रामाणिक कबुली दिली पाहिजे. गॅलरीतल्या बागेने कुटुंबाचे पोट भरेल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. उन्हाळ्यात एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे ६ किलोवॅट-तास ऊर्जा पडते. पिके त्यातली साधारण १ टक्का साठवतात. म्हणजे सुमारे ५० किलोकॅलरी, आणि तीही मूळ, खोड, पान सर्व मिळून. माणसाला दिवसाला दोन हजारांच्या आसपास लागतात. तेव्हा शेतकऱ्याला पर्याय नाही. उलट, एक भेंडी पिकवायला किती ऊन, पाणी आणि किती दिवस लागतात हे ज्याने मोजले, तो दादरच्या मंडईत भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणार नाही.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. फुलाची आकृती दहा वेळा काढून घेण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला एक ट्रे आणि एक 'उन्हाची वही' द्या. आठवड्यातून एकदा उन्हाची कड खडूने आखायची, तारीख घालायची, रोपाची उंची मोजायची. यात भूगोल, गणित, वनस्पतिशास्त्र सारे आले. गच्चीला कुलूप लावणाऱ्यांची गळतीची भीती अगदीच खोटी नाही. कुंड्या विटांवर ठेवा आणि तबकातले पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओता, म्हणजे डासही होणार नाहीत. पण गच्ची उघडा.

मोठ्यांनाही एक सांगणे आहे. गिरगाव, लालबाग, परळ येथे चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. लोकांना चांगली घरे मिळालीच पाहिजेत. पण ६० मीटर उंच इमारतीची डिसेंबरातली मध्यान्हीची सावली ५५ मीटर लांब पडते. नकाशा काढताना कोणाचे ऊन जाते, हा प्रश्न निदान विचारला तरी जावा. आणि तो विचारायला ऊन मोजलेली पिढी लागेल.

यंदा १५-१६ मेला, आकाश निरभ्र असेल तर, दुपारी सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी एक काठी सरळ उभी करा. घड्याळात बारा वाजले म्हणजे मुंबईत मध्यान्ह झाली असे नव्हे, हेही तेव्हा कळेल. काठीची सावली नाहीशी होईल. मग मागे वळून आपल्या कुंड्यांकडे पाहा आणि त्या कोठे न्यायच्या ते तुम्हीच ठरवा. माझ्या कुंड्या आता उत्तरेच्या खिडकीत जातात. आजींना भेंडीची पहिली तोडणी पोचती होते.