मद्यपीचा मेंदू आणि विम्याचे कलम

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाविषयी आपल्या समाजाचा फैसला फार पूर्वीच होऊन गेलेला आहे: याच्या अंगी मनोनिग्रह नाही, याला बायकामुलांची चाड नाही, आणि याने एकदा मनावर घेतले तर हा उद्या सकाळीच पेला दूर सारील. हा फैसला देताना आरोपीची कैफियत ऐकण्याची तसदी क्वचितच कोणी घेतली. आणि ती पडताळून पाहण्याचे साधनही दीर्घकाळ उपलब्ध नव्हते, कारण जिवंत माणसाच्या मेंदूत, त्याला इजा न करता, कोणत्या रसायनाचा व्यवहार कोठे बिघडला आहे हे पाहण्याची विद्याच माणसाला अवगत नव्हती. ती विद्या आता हाती आली आहे, तिने दिलेली साक्ष स्पष्ट आहे, आणि तरीही आपल्या विम्याच्या दफ्तरात जुनाच फैसला कायम आहे, याचे मला मनस्वी दुःख होते.

न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवर ब्रुकहेवन ही राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. मेक्सिकोत जन्मलेल्या मनोविकारतज्ज्ञ नोरा वोल्कोव्ह आणि रसायनशास्त्रज्ञ जोआना फाउलर यांनी तेथे व्यसनाधीन माणसांच्या मेंदूंचा पेट स्कॅनच्या साहाय्याने वर्षानुवर्षे अभ्यास केला. रॅक्लोप्राइड नावाच्या द्रव्यात किरणोत्सर्गी कार्बनचा अणू गुंफून ते अल्पांशाने शिरेतून देतात; मेंदूत डोपामाइन हे संदेशवाहक रसायन ज्या ग्राहींवर जाऊन बसते त्यांच्यापैकी काहींवर हे द्रव्यही जाऊन बसते, आणि त्यातून निघणाऱ्या किरणांच्या जोड्या डोक्याभोवतीच्या कड्यातील यंत्राने टिपल्या की, ग्राही कोठे विपुल आहेत आणि कोठे विरळ, याचा नकाशा सिद्ध होतो. या कार्बनचे अर्धायुष्य अवघे वीस मिनिटांचे असल्यामुळे तो तयार करणारा सायक्लोट्रॉन, द्रव्य सिद्ध करणारा रसायनज्ञ आणि यंत्राखाली निजलेला माणूस हे सारे हाकेच्या अंतरावर असावे लागतात. इतक्या घाईत इतके अचूक काम व्हावे, ही गोष्ट मला आजही विस्मयकारक वाटते.

१९९६ साली या गटाने प्रसिद्ध केलेल्या शोधात मद्यासक्तांच्या मेंदूच्या गाभ्यात डोपामाइनचे डी-२ जातीचे ग्राही इतरांच्या तुलनेने कमी आढळले. मात्र स्रवलेले डोपामाइन परत गोळा करणारे वाहक-रेणू उणावलेले नव्हते. म्हणजे संदेश धाडणाऱ्या पेशी सरसकट नष्ट झाल्या होत्या असे नव्हे, तर संदेश स्वीकारणाऱ्या बाजूस उणीव होती. पुढे २००७ साली याच संशोधकांना असेही दिसले की, डोपामाइनची पातळी वाढविणारे औषध दिले असता निरोगी माणसाच्या मेंदूत जी भरती येते, ती दारू सोडलेल्या मद्यासक्तांत फारच क्षीण असते. ज्या व्यवस्थेमुळे आपल्याला भुकेच्या वेळचे जेवण गोड लागते, लेकराची हाक सुखावते आणि उद्याच्या दिवसाची ओढ वाटते, तीच व्यवस्था मंदावलेली असताना त्या माणसाने केवळ निश्चयाच्या बळावर पेला दूर सारावा, अशी आपली अपेक्षा असते.

परंतु या चित्रांचा अर्थ लावताना संयम हवा. ती समूहांच्या सरासरीतला फरक सांगतात; एकट्यादुकट्याचा नकाशा पाहून हा मद्यपी आणि हा नव्हे, असा दाखला कोणालाही देता येत नाही. शिवाय ग्राही दारूने घटले की मुळातच कमी होते, हाही प्रश्न उरतोच. २००६ साली वोल्कोव्ह यांनी मद्यासक्तीचा वारसा असलेल्या कुटुंबांतील, पण स्वतः व्यसनापासून दूर राहिलेल्या व्यक्ती तपासल्या, तेव्हा त्यांच्यात हे ग्राही अधिक आढळले, जणू तेच त्यांचे रक्षण करीत असावेत. त्याआधी, २००२ साली, अमेरिकेतीलच वेक फॉरेस्ट विद्यापीठातील संशोधकांनी केलेला माकडांवरील प्रयोग मला या साऱ्यांत सर्वाधिक अंतर्मुख करणारा वाटतो. एकेकटी ठेवलेली माकडे कळपात आणल्यावर ज्यांना वरचे स्थान मिळाले त्यांच्या मेंदूतील डी-२ ग्राहींची मात्रा वाढली, जी दबून राहिली त्यांची वाढली नाही. आणि पुढे कोकेनच्या अधिक आहारी गेली ती ही दबलेलीच. प्रयोग कोकेनचा आहे, दारूचा नव्हे, आणि माकडांवरून माणसांविषयी घाईने अनुमान काढू नये. तथापि मान-अपमानासारखी सामाजिक गोष्ट मेंदूच्या रसायनापर्यंत पोहोचते, एवढे त्यावरून निःसंशय दिसते. मद्यपीला उठता-बसता हिणविणाऱ्या कुटुंबांनी, कचेऱ्यांनी आणि इस्पितळांनी याचा विचार करावा.

यात दिलासाही आहे. जर्मनीतील व्युर्त्सबुर्गच्या वैद्यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा-सात आठवडे दारूपासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूचे आकारमान सरासरीने सुमारे दोन टक्क्यांनी वाढले, आणि चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने मोजलेल्या रासायनिक खुणाही सुधारल्या. सहा-सात आठवडे हा काळ ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण त्यालाच पैसा लागतो, आणि तेथेच आपली व्यवस्था हात आखडते.

आपल्या संसदेने २०१७ साली केलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात मनोविकाराच्या व्याख्येतच मद्य आणि मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित अवस्थांचा समावेश केला, आणि कलम २१ अन्वये मनोविकारांनाही शारीरिक आजारांच्या बरोबरीने वैद्यकीय विमा देण्याची आज्ञा विमा कंपन्यांना केली. पण विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्य विम्यातील अपवादांची जी प्रमाण यादी जारी केली, तिच्यात मद्यासक्तीवरील उपचार आणि तिचे परिणाम यांना स्वतंत्र स्थान मिळाले. अपवादाच्या त्या कलमाच्या आधारे दावा नामंजूर करता येतो. ज्या आजाराला कायदा आजार म्हणतो, त्याला पॉलिसी गुन्ह्यासारखे वागविते. याच २०१९ साली केंद्र शासनासाठी एम्सने केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे ५.७ कोटी माणसांना दारूच्या दुष्परिणामांपायी मदतीची गरज होती, आणि मद्यावलंबी झालेल्या दर अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते.

यावर आक्षेप येईल की, पहिला पेला त्याने स्वखुशीने उचलला, मग इतरांच्या हप्त्यांतून त्याचा खर्च का भागवावा? पहिल्या पेल्याची जबाबदारी मी नाकारीत नाही. पण अतिखाण्याने जडलेल्या मधुमेहाला किंवा तंबाखूने बिघडलेल्या हृदयाला विमा आपण अशी कैफियत विचारल्यावाचून देतोच. पुण्याच्या मुक्तांगणासारख्या व्यसनमुक्ती संस्था १९८६ पासून उपचाराचे हे काम निष्ठेने करीत आल्या आहेत; परंतु एवढ्या मोठ्या आजाराचा भार मूठभर संस्थांच्या आणि देणगीदारांच्या खांद्यावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. नियामक प्राधिकरणाने मद्यासक्तीच्या अपवादाचे ते कलम यादीतून काढून टाकावे, आणि त्याजागी निदान दोन महिन्यांचे निवासी उपचार व त्यानंतर वर्षभराच्या तपासण्या यांचा खर्च देण्याची शर्त सर्व आरोग्य विमा पॉलिसींत घालावी.